चार डिग्रीवरचे खोतकाका

खोतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भांड्यांचा वास घेतात. चहाचा थर्मास, पाण्याचा जग, मुलांच्या बाटल्या, झाकण असलेलं जे दिसेल ते उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी "या, बसा" म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा होते आणि माझ्या लेकीच्या शाळेच्या बाटलीत नाक खुपसून उभे होते.

"ताई, वॉशरच्या खाली राहिलंय बघा. परवाचं दूध असणार."

परवाचंच होतं. मला राग आला, आणि ते खरं असल्यामुळे जरा जास्तच आला.

आम्ही ॲडम्सटाउनला राहतो. डब्लिनच्या बाहेर, रेल्वे स्टेशनभोवती पट्टी लावून आखलेलं गाव. घरं एकसारखी, दारं एकसारखी, आणि त्यातून सकाळी बाहेर पडणारी मराठी माणसंही बरीचशी एकसारखी: गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. मी बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. नवरा अमेय घरूनच कोड लिहितो, आणि त्याच्या चुका मी फुकट काढते. या सगळ्या गोतावळ्यात खोतकाका एकटेच असे, की त्यांच्या कामाला वास असतो. सांगलीकडचे. उभा जन्म तिकडच्या एका दूध संघात मशिनं सांभाळण्यात आणि येणारं दूध तपासण्यात गेला आणि पन्नाशीला, लोक गावी बंगला बांधतात त्या वयात, इथल्या एका दूध पावडरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आले. आमच्या रांगेत चौथं घर त्यांचं, आमच्या लगतचं.

माणसं मोजायची त्यांची पद्धतही डेअरीतली. दुधात फॅट किती आणि एसएनएफ किती, यावर तिकडे भाव ठरतो. फॅट म्हणजे स्निग्धांश, तो सगळ्यांना कळतो. फॅट आणि पाणी वजा केल्यावर उरतो तो घट्ट ऐवज म्हणजे एसएनएफ, आणि खरं दूध त्यावर ओळखायचं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गणपतीत अर्धा तास बोलले, तेव्हा काका मागे उभे राहून मला म्हणाले, "फॅट आहे. एसएनएफ नाही." अमेयला त्यांनी पहिल्याच भेटीत "गाईचं, पण ताजं" असं प्रमाणपत्र दिलं. माझं काय, ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

आणि हा माणूस बसत नाही. गप्पा मारतानाही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. जाता जाता रेडिएटरवर टिचकी मार, नळाची चकती पिळून बघ, प्रेस उघड, प्रेस बंद कर. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तीन वर्षांनी आम्हीही म्हणायला लागलो.) माझी सात वर्षांची रेवा मराठी सगळं समजते पण उत्तर आयरिश हेलाच्या इंग्रजीत देते. ती एकदा म्हणाली, "ममी, खोतकाका इज ग्रँड, बट ही मेक्स मी डिझी." (ग्रँड म्हणजे इथे नुसतं छान, ठीक.)

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. मला वाटलं पाहुणे येणार आहेत. तर ती रोजचीच. बायको आणि मुलगी 'येत्या जूनला' येणार होत्या. मग मुलीची बारावी आली, मग मेडिकलची ॲडमिशन, मग सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन. असे चार जून गेले होते. "आता ह्या जूनला नक्की," काका म्हणाले आणि उठून बॉयलरचा आवाज ऐकायला गेले.

तर, टाकी.

काकांना रविवारी काही उद्योग नसतो, आणि उद्योग नसलेले खोतकाका म्हणजे आख्ख्या रांगेला ताप. त्यामुळे ते गाडी काढून किल्डेअरच्या बाजूला भटकतात. रस्त्याकडेला गाई दिसल्या की थांबायचं, फाटकाला टेकून बघत राहायचं. अशाच एका फाटकापाशी टॉम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, काय हवंय? काकांनी त्याच्या तिसऱ्या गाईच्या मागच्या डाव्या सडाला सूज आहे, हे सांगितलं. होती. तिथून दोस्ती जमली.

पुढे टॉमचे गुडघे गेले. बायको आधीच गेली होती, मुलगी गॉलवेला इस्पितळात नर्स. या वसंतात टॉमनं गाई विकल्या. त्यांच्याबरोबर दूध थंड ठेवायची मोठी टाकीही गेली. मागे उरली एक जुनी, तीनशे लिटरची, त्यानं लग्नाच्या वर्षी घेतलेली पहिली टाकी. ती भंगारवाला सोमवारी नेणार होता. काका शनिवारी तिथे होते. एवढं चांगलं स्टील भंगारात जाणार, हे त्यांना पटेना.

"टॉम, मला दे," ते म्हणाले.

टॉमनं विचारलं, गाई नाहीत, त्यात तू घालणार काय? आता काकांनी हे कुठंतरी फोनवर बघितलेलं होतं, की जुन्या दुधाच्या टाक्यांमध्ये लोक घरगुती बिअर करतात. ते बोलून गेले, "बिअर."

टॉमनं टाकीचं झाकण एकदा उघडून लावलं म्हणे. मग म्हणाला, पैसे नकोत, एकच अट. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलगी मला न्यायला येणार आहे. त्याआधी पहिली बाटली मला आणून दाखव. तिच्यातून अजून काहीतरी चांगलं निघतंय, हे बघून मला जायचंय. काकांनी टाकीवर हात ठेवून शब्द दिला.

अडचण एवढीच, की खोतकाकांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. धर्म म्हणून नव्हे. "जीभ बिघडते हो. आम्ही डेअरीची माणसं. उद्या आंबट दूध पास केलं तर जबाबदार कोण?" बिअर कशी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. ते आधी अमेयकडे गेले. अमेयला ॲसिडिटी. मग माझ्याकडे वळले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण तुम्ही टेस्टर ना?"

मी हो म्हटलं. टेस्टिंगचा इतका बरा प्रस्ताव मला ऑफिसात कधी आला नव्हता.

टाकी मे महिन्यात आली. आमच्या घरांना बाजूनं वाट नाही, त्यामुळे टॉमच्या शेजाऱ्यानं पुढे लोडर लावलेला ट्रॅक्टर मागच्या गल्लीत आणला आणि तीनशे लिटरची टाकी भिंतीवरून अलगद काकांच्या परसात उतरवली. रांगेतल्या सगळ्या मागच्या खिडक्या उघड्या होत्या. टॉम ट्रॅक्टरमध्ये शेजाऱ्याच्या बाजूला, टोपी हातात घेऊन बसला होता. मी त्याला तेवढाच, भिंतीवरून पाहिला.

पहिला घाणा जूनमध्ये निघाला. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात मुरवायचं, त्याचं गोड पाणी काढून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं आणि मग त्यात यीस्ट सोडायचं. हे सगळं काकांनी तीन जुन्या दुधाच्या कॅनमध्ये, गॅसच्या शेगड्या लावून, घड्याळाच्या काट्यावर केलं. स्वच्छता अशी, की मला परसात यायला डोक्यावर जाळीची टोपी घालावी लागली. मग ते उकळतं पाणी त्यांनी टाकीत ओतलं, कॉम्प्रेसर चालू केला आणि तासाभरात चार डिग्रीवर आणलं. वर यीस्ट भुरभुरलं आणि झाकण लावलं. "झालं. आता हलणार नाही."

ते खरंच हललं नाही. आठ दिवस काका दर तासाला डायल बघत होते. चार म्हणजे चार. नवव्या दिवशी मी पेला तोंडाला लावला. गुळाच्या पाण्यात पाव भिजवून विसरून जावा, तशी चव.

"काका, हे कितीवर ठेवायचं असतं?"

"चारवर. दुसरं कितीवर ठेवणार?"

मी फोनवर शोधून दाखवलं. यीस्टला अठरा-वीस डिग्री लागतात. चारवर ते झोपतं. काकांनी तीनदा वाचलं. "वीस डिग्री?" त्यांचा आवाज चिरकला. "ताई, दोहन झाल्यावर तासात चारवर आणलं नाही तर आमच्याकडे टँकर परत पाठवतात. मी काय मुद्दाम नासवायला ठेवू?"

"हो काका. नासवायलाच ठेवायचंय."

ते घरात निघून गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी खालची तोटी उघडली. सव्वाशे लिटर गोड पाणी गटारात चाललं होतं आणि काका फोन कानाला लावून परसात येरझाऱ्या घालत होते. "शी'ज ग्रँड, टॉम. येस, येस. शी'ज ग्रँड."

शी म्हणजे टाकी, आणि मी तोवर आमच्या परसात येऊन भिंतीपलीकडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी त्यांना चांगलंच झापलं. खोटं कशाला सांगायचं? म्हाताऱ्याला आशा लावून ठेवायची आणि सप्टेंबरात काय देणार, ठेंगा?

"ताई," काका म्हणाले, "त्या माणसानं वर्षानुवर्षं ह्या टाकीत दूध घातलं. एक दिवस नासू दिलं नाही. त्याला मी सांगू, की माझ्या हातात आल्यावर पहिल्याच खेपेला वाया गेलं?" आणि ते टाकी धुवायला लागले. सोड्यानं, गरम पाण्यानं, ॲसिडनं, पुन्हा गरम पाण्यानं. धुऊन झाल्यावर वास घेतला, आणि परत धुतली.

दुसरा घाणा जुलैत. या वेळी डायल वीसवर. पण ते वीस त्यांना सोसत नव्हतं. मी ऑफिसला निघाले तरी काका परसात, ऑफिसातून आले तरी काका परसात. हात पाठीमागे बांधून टाकीभोवती फिरायचे, झाकणाला कान लावायचे. बुडबुड्यांचा आवाज आला की त्यांच्या तोंडावर कळ उठायची. मीही बेचैन झाले. मीटिंगमध्ये बसून मी त्या टाकीचा विचार करायला लागले, आणि घरी आल्यावर चपला न काढता आधी मागच्या दाराशी जायला लागले. दिवस भराभर चालले होते. तिकडे टॉमच्या घरात खोकी भरली जात होती.

ही बिअर मात्र बिअर झाली होती, फक्त तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती. मी तोंड वाकडं केलेलं बघून काकांनी मान खाली घातली. शोध घेता घेता मला टाकीतून एक बारीक घुर्रघुर्र ऐकू आली.

"काका, आत काय फिरतंय?"

"पंखा. ढवळायला नको? साय वर येते की."

बारा दिवस, रात्रंदिवस, त्यांनी बिअर ढवळली होती. जितकी ढवळाल तितकी हवा आत जाते आणि बिअर मरते, हे कोणत्याही पोराटोराला त्या फोनवर सापडलं असतं. पण काकांनी शोधलंच नव्हतं. शोधायचं काय त्यात? टाकी आहे म्हणजे पंखा फिरणार. पुन्हा तोटी उघडली. पुन्हा परसात फेऱ्या आणि "शी'ज ग्रँड, टॉम."

तिसरा घाणा ऑगस्टच्या मध्यावर. याच्यापुढे वेळ नव्हता. काकांनी पंख्याची वायर काढून माझ्याकडे ठेवायला दिली. "माझ्याजवळ नको. हात जाईल." मी ती मसाल्याच्या डब्यामागे लपवली. घाणा लागला आणि काकांना कारखान्यात सलग तीन दिवस जादा काम आलं, म्हणून परसाची किल्ली अमेयकडे दिली. तिसऱ्या संध्याकाळी दारावर थापा. काका. हातात लॅक्टोमीटर. दुधात पाणी घातलंय का, हे बघायची ती काचेची नळी. पाणी असेल तितकी खोल बुडते. बिअरलाही ते हीच लावत होते.

"ताई, पाणी घातलंय कुणीतरी."

"काय?"

"सोमवारी नळी अशी वर तरंगत होती. आज बघतो तर बुडाली. सरळ पाणी आहे हे. मी तीस वर्षं पाणीवाले पकडलेत." आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून आत, सोफ्यावर बसलेल्या अमेयकडे अशा नजरेनं बघितलं, की तो बिचारा उठून उभाच राहिला. तीस वर्षं गवळ्यांनी त्या नजरेपुढे कबुलीजबाब दिले असणार. अमेयनंही न केलेल्या गुन्ह्याबद्दल सॉरी म्हटलं.

मला हसू आवरेना. यीस्ट साखर खातं, साखर संपली की पाणी हलकं होतं, नळी बुडते. बुडायलाच हवी. हे मी दोनदा सांगितलं. काका दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद एकदमच आले. "म्हणजे... होतंय?"

"होतंय, काका."

त्यांनी आत येऊन अमेयचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. सप्टेंबरच्या मध्यावर, बाटल्यांत भरून फेस धरल्यावर, मी पेला घेतला. काका पाठ फिरवून उभे होते. बघवत नव्हतं त्यांना. मी एक घोट घेतला, मग दुसरा. खरंच चांगली झाली होती. थोडी कडसर, भाजलेल्या धान्याचा वास असलेली, हलकी.

"एसएनएफ?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"भरपूर आहे."

शेवटच्या शनिवारी आम्ही दोघं टॉमकडे गेलो. सहा बाटल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. वाटेत काकांनी चारदा विचारलं, फेस गेला नसेल ना? टॉमच्या स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक फिकट चौकोन राहिला होता. टॉम उंच, वाकलेला, हात मोठे. त्यानं स्वतःच्या हातानं बाटली उघडली, पेल्यात ओतली, पेला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि डोळे मिटून वास घेतला. मग हसला आणि पेला टेबलावरून माझ्यापुढे सरकवला.

मला कळेना. तेव्हा माझं लक्ष त्याच्या स्वेटरकडे गेलं. छातीवर एक छोटा बिल्ला होता. माझ्या ऑफिसातल्या एका बाईच्या वडिलांचाही तसाच आहे: जन्मभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेली माणसं लावतात तो. मी काकांकडे बघितलं. ते जराही चकित झालेले नव्हते. म्हणजे यांना माहीत होतं! तीन महिने दोन न पिणारे म्हातारे एका बिअरच्या मागे लागले होते, आणि ती पिणारी साऱ्या खटाटोपात मी एकटी.

मग काकांनी त्यांच्या तोडक्या इंग्रजीत टॉमला सगळं सांगून टाकलं. दोन घाणे गटारात गेले. मी खोटं बोललो. पहिला चारवर नेऊन ठेवला.

टॉम हसायला लागला. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अरे, चारवरच नेणार ना! मीही चारवरच नेला असता." आणि पंखा? पंखा तर तोही बंद करायला विसरला असता. असं म्हणून ते दोघं परत हसले. ही चूक साऱ्या आयर्लंडात या दोघांनीच केली असती, आणि ती किती बरोबर होती, हेही त्या दोघांनाच कळत होतं.

काका रिकामी दूधखोली बघायला बाहेर गेले. टॉम माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "गाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, दोहनाच्या वेळेला, युअर मॅनचा फोन आला." इथे नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं असलं की युअर मॅन म्हणतात. "तेव्हापासून रोज पाचला येतो. आज टाकी कितीवर आहे, ते सांगतो. मला बिअरमधलं काय कळतं? पण त्याचं इथे कुणी नाही. बायको-मुलगी तिकडे. पहाटे उठून बोलणार कुणाशी? म्हणून मी विचारत राहतो. तू त्याला सांगू नकोस." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गॉलवेला मुलगी आठला उठते. त्याला सांग, मी पाचपासून जागाच असतो."

मी मान हलवली.

परत येताना गाडी काका चालवत होते. सिग्नलला थांबले की डॅशबोर्डवर टिचक्या मारत होते. मग ते बोलायला लागले.

"ताई, त्याला हे सांगायचं नाही हां. पण ती बिअर-बिअर काय, निमित्त हो. जनावरं गेल्यावर माणसाला काय विचारणार? बरा आहेस का, असं विचारलं तर हो म्हणून फोन ठेवतो. टाकीचं काढलं की अर्धा तास बोलतो. एकटा आहे बिचारा. कुणीतरी बघायला नको?"

मला एकदम रडू आलं. "नाही सांगत," एवढं म्हणून मी बाहेर बघितलं. खरं सांगावं असं फार वाटलं, त्याला त्याचं आणि याला याचं. पण मी दोन माणसांना दोन वचनं दिली होती, आणि पाळली तर दोन्ही पाळायला हवी होती.

लुकनच्या वळणाशी काकांनी गाडी हळू केली. त्या बाजूला माल्टचं दुकान आहे. घरी अजून शंभर लिटर बिअर पडून होती आणि ती प्यायला त्या रांगेत मी एकटी.

"एक पोतं घेऊन टाकू का?" त्यांनी विचारलं.

"दोन घ्या, काका," मी म्हटलं. "टॉम गॉलवेलाही पाचपासून जागाच असणार आहे."